ताईची डाळिंबी साडी
अन्याय झाला तो माझ्या ताईवर, तिच्या साखरपुड्याच्या आदल्या दुपारी, बुधवार पेठेतल्या साडीच्या दुकानात. कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की ती दुपार अजून आठवते. ताईने डाळिंबी साडी मागितली. विक्रेत्याने स्वतःच्याच खांद्यावर पदर टाकून ती दाखवली आणि वर म्हणाला, “सावळ्या रंगाला हे शोभत नाही हो ताई, बिस्किटी घ्या.” स्वतः ताईहून काळा, आणि डाळिंबी त्याला झकास दिसत होती! सोबत आलेली आत्या म्हणाली, “ऐक गं, त्यांना कळतं.” ताई बिस्किटी नेसली आणि फोटोत मागच्या बिस्किटी भिंतीत विरून गेली. मी तेव्हा गप्प बसले, आता बसणार नाही. तुमच्या घरची सावळी मुलगी डाळिंबी मागेल, तेव्हा मुकाट्याने बांधून घ्या आणि अक्कल घरी ठेवा.