सुकलाल आप्पांचा पाहुणा

तळोद्यात उन्हाळ्याच्या दुपारी माणूस आधी स्वतःच्या डोक्यावर पाणी ओततो. सुकलाल आप्पा आधी, गॅस तापू नये म्हणून, सिलिंडरवरचं गोणपाट भिजवत. माझ्या शिवणकामाच्या दुकानाला लागून त्यांचं फ्रिज दुरुस्तीचं दुकान. मागच्याच खोलीत बिऱ्हाड. बायको गेल्यापासून तिथे एकटेच.

फ्रिज उघडला की बाकीचे मिस्त्री त्यातला जुना गॅस सरळ हवेत सोडत. आप्पा मात्र यंत्र लावून तो सिलिंडरमध्ये ओढून घेत. नाशिकच्या प्रशिक्षणात त्यांनी ऐकलं होतं, की हा गॅस वर जाऊन ओझोनचा थर विरळ करतो आणि उन्हातला विखार अंगावर येतो. म्हणून सगळ्या देशांनी मिळून असले गॅस हळूहळू बंद करायचा करार केला. आप्पांनी तो करार फारच मनावर घेतला.

आइस्क्रीमवाला वैतागे. "आप्पा, कितला येळ! सोडी द्या ना हवामा!"

"आख्खी दुनियानी सही करेल शे, भाऊ. मी एकला कशी मोडू?"

आइस्क्रीमवाला बसस्टँडजवळच्या मिस्त्रीकडे जाऊ लागला, मग बाकीचेही. मी चिडवायची, "आप्पा, त्या दुनियेला सांगा, एखादा फ्रिज तुमच्याकडे धाडायला." ते हसत. हातचं गिऱ्हाईक असं घालवतात, म्हणून मला मात्र त्यांचा रागच यायचा.

भरलेला सिलिंडर न्यायला सुरतेहून, असला गॅस नष्ट करणाऱ्या कारखान्याची गाडी येणार होती. फोन केला की तिथले लोक "पाठवतो" म्हणत. रस्त्यावर टेम्पो थांबला की आप्पा उठून दारात येत. गाडी दुसरीच निघे. "पाहुना शे तो मन्हा घरमा," सिलिंडरकडे बोट दाखवून ते म्हणत. "कोनी लेवाले उनं का धाडसू." न्यायला कुणी आलं, की पाहुण्याची पाठवणी.

माघात आप्पा गेले. पुण्याहून मुलगा आला, त्याने सामान भंगारात काढलं. भंगारवाला म्हणाला, "भरेल सिलिंडर नही चालस. खाली करी द्या." मुलाने व्हॉल्व्हला पाना लावला. मी मशीन सोडून धावले आणि त्याचा हात धरला. "असू दे. मी ठेवते." वेड्या माणसाकडे पाहावं तसा तो बापाकडे पाहायचा, तसाच आता माझ्याकडे पाहत राहिला.

सिलिंडर आता माझ्या दुकानात आहे, सावलीच्या बाजूला. मी सुरतेला फोन करते, ते "पाठवतो" म्हणतात. आज गोणपाट भिजवताना बाहेर टेम्पो थांबला. तांब्या हातात तसाच घेऊन मी दारात गेले. समोरच्या किराणा दुकानात गोण्या उतरत होत्या. आप्पा किती एकटे होते, हे मला तिथे उभं राहून कळलं. मग आत येऊन उरलेलं पाणी गोणपाटावर ओतलं.