व्हय म्हाराजा, ओव्हर

आमच्या युनिटची बदली राजस्थानातून आसामात झाली, तेव्हा मी हवालदार होतो. माणसं, ट्रक, तंबू, लंगरची चूल-भांडी, सगळं एकाच मिलिटरी स्पेशलमध्ये चढवलं. मागच्या उघड्या वाघिणींवर ट्रक दोरखंडांनी आवळले आणि चाकांखाली लाकडी ठोकळे मारले. पुढच्या डब्यांत आम्ही. देश असा या टोकापासून त्या टोकापर्यंत बघायला फौजीलाच मिळतो. फक्त कधी पोचणार हे विचारायचं नाही. एक्स्प्रेस पुढे जाते, मालगाडीसुद्धा पुढे जाते आणि स्पेशल बाजूच्या रुळावर ताटकळते.

माझं गाव लांज्याजवळ. युनिटमध्ये दुसरा रत्नागिरीकर एकच, नाईक सदानंद भाटकर. मांडवीचा, खारव्याचा मुलगा. वडील भिकूतात्या जन्मभर होडीवर, आणि हा भरती झाला तो थेट वाळवंटात. मी चिडवायचो, "दर्या सोडून वाळूत कशाला आलास रे?" तो म्हणायचा, "मासळीचा वास बास झाला, हवालदारानु." आणि संध्याकाळी लंगरच्या डाळीकडे बघून सुक्या बांगड्याची आठवण काढायचा.

गाडी सुटण्याआधी मेजरसाहेबांनी फलाटावर रोल कॉल घेतला. सदा नुकताच डब्याच्या दारात नारळ ठेवून गाऱ्हाणं घालून आला होता. आमच्या कोकणात प्रवासाला निघताना देवाला असं सांगणं घालतात. एक जण मागणं मागतो आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सदाच्या तोंडात तेच घोळत होतं. साहेबांनी विचारलं, "सब तैयार?" सगळे म्हणाले, "जी, साब!" आणि त्यावर सदाचा खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

सगळी फलटण हसली. आता शिक्षा होणार, असं मला वाटलं. साहेबांनी मला अर्थ विचारला. मी सांगितला. ते म्हणाले, "बढिया है. सबको सिखाओ."

मग रीतच पडली. गाडी हलण्याआधी सदा दारात उभा राहायचा. "बा देवा म्हाराजा, आमच्या गाडीला हिरवा सिग्नल गावू दे!" की हरियाणाचा बलबीर, केरळचा थॉमस, गढवाली, तमिळ, सगळा डबा गर्जायचा, "व्हय म्हाराजा!" अर्थ कळो न कळो, आवाजात कुचराई नव्हती. फलाटावरची माणसं वळून बघायची. एका स्टेशनवर तर चहावाल्यानेच आमच्याबरोबर आवाज दिला.

वाळू संपली, बाजरीची शेतं आली, मग उसाचे फड. पगड्या बदलल्या, बोली बदलल्या, चहाची चव बदलली. आपला मुलूख एवढा मोठा आहे हे नकाशावर कळत नाही. माझा ऊर खरोखर भरून यायचा. गंगेच्या पुलावर सदा खिडकीला चिकटून बसला होता.

"ही खाडी कुटली?"

"खाडी नाही रे. गंगा."

"भरती कवा येते हिला?"

हे मी हिंदीत सांगितलं आणि पुढची दोन स्टेशनं डबा त्यालाच धरून होता. दिसेल त्या डबक्याकडे बोट दाखवून बलबीर विचारायचा, "भाटकर, इसकी भरती कब है?"

बिहारात एका सकाळी गाडी थांबली. पुढे रूळ पाण्याखाली गेला होता. दोन्ही बाजूंना शेतांवरून गढूळ पाणी धावत होतं. डावीकडे प्रवाहापलीकडे एक शाळा होती. तिच्या स्लॅबवर माणसं उभी राहून कपडे हलवत होती. सरकारी होड्या संध्याकाळपर्यंत येतील, असा निरोप आला. पाऊस थांबलाय, पाणी उतरेल, असंही कुणी म्हणालं.

सदा साहेबांसमोर सावधानमध्ये उभा राहिला. "सायबानु, हितं ओहोटी नाय. आमच्याकडं पानी आपसूक मागं जातं. ह्ये जानार नाय. शाळेची भित बगा. मी तराफा बांदतो."

मी हिंदीत सांगितलं. या वेळी कुणी हसलं नाही. साहेबांनी दुर्बिणीतून पाहिलं. भिंतीचा एक कोपरा गेला होता.

"करोगे?"

"व्हय म्हाराजा."

पाण्याची रिकामी पिंपं, वाघिणीवरच्या फळ्या आणि ट्रकचे दोरखंड घेऊन तराफा बांधला. गाठी सदाने स्वतः मारल्या. दोराचं एक टोक आमच्या हातात, रुळाच्या भरावावर. तराफ्यावर सदा आणि बलबीर, हातात रेटायला बांबू आणि पायाशी कोयता. बलबीरच्या गळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला वॉकी-टॉकी, दुसरा साहेबांकडे.

"कंट्रोल टू बोट. सब ठीक? ओव्हर."

सदा बलबीरच्या खांद्यावरून ओरडायचा, "व्हय म्हाराजा! ओव्हर."

प्रत्येक फेरीला हेच. बायका आल्या, मुलं आली, एक म्हातारा कोंबडी काखेत मारून आला. शेवटच्या फेरीत शाळेचे मास्तर आणि एक बाळंतीण तेवढी उरली. तराफा मध्यावर आला आणि वाहत आलेलं झाड दोरात अडकलं. तराफा एका बाजूने बुडायला लागला. आम्ही सगळ्यांनी ओढलं, पण दोर तसूभरही हलेना. सदाने दातात कोयता धरला आणि पाण्यात उतरला. फांद्या तोडल्या. दोर सुटला.

"खेचा!" सदा पाण्यातून ओरडला.

आम्ही खेचला. तराफा सुसाट आला.

"कंट्रोल टू बोट. सब ठीक? ओव्हर."

साहेबांनी पुन्हा बटण दाबलं.

"बोट, रिपोर्ट. ओव्हर."

बलबीरचा आवाज आला. "भाटकर नहीं है, साब."

दुसऱ्या दिवशी त्याचा देह प्रवाहाच्या खालच्या अंगाला बांबूच्या बेटाशी सापडला. त्याला विमानाने घरी पाठवलं. मी बरोबर जाण्याची परवानगी मागितली. "ट्रेन के साथ रहो," हुकूम मिळाला. रूळ दुरुस्त झाला, गार्डने झेंडी दाखवली. डब्याचं दार रिकामं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मराठी मला एकट्यालाच येत होती. मी जागचा उठलो नाही. तेव्हा बलबीर उठून दारात गेला. गाऱ्हाण्यातलं त्याला एवढंच येत होतं, तेवढंच तो ओरडला, "व्हय म्हाराजा!" आणि सगळी गाडी ओरडली. त्या दिवशी मी रडलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मी सुभेदार होऊन निवृत्त झालो. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला घर बांधलं. सदा गेला त्या तारखेला दरवर्षी बलबीर हरियाणाहून येतो. एवढा लांब प्रवास तो रेल्वेनेच करतो, विमानाचं नाव काढू देत नाही. स्टेशनवरून आम्ही थेट मांडवीला जातो. भिकूतात्या आता थकलेत, पण आम्हाला घेऊन पाण्यात गुडघाभर उतरतात आणि नारळ वर धरतात.

"बा दर्याराजा म्हाराजा, माजा पोर तुज्यात नाय गेला, परक्या पान्यात गेला. त्या पान्याला सांग, आमचा त्येच्यावर राग नाय. पोराला हितं घरी घेऊन ये, म्हाराजा!"

मग तात्या मागे वळून बघतात. मी असतो, वाडीतली माणसं असतात, पण पहिला आवाज बलबीरचा असतो.

"व्हय म्हाराजा!"