घासून कोरी झालेली पितळी पाटी

जुन्या गाड्यांचा शौक असलेला एक तरी माणूस दर हिवाळ्यात आमच्या दारात येतो. बॉनेट उघडायला लावतो आणि आतली तळहाताएवढी पितळी पाटी बघून हळहळतो. पाटी पार कोरी आहे. एकही अक्षर नाही, आकडा नाही. मग तो सांगतो की मुंबईत अशा पाट्या हुबेहूब करून मिळतात, वाटल्यास मी मागवून देतो. मी नको म्हणते. तो पुन्हा समजावतो. मी पुन्हा नको म्हणते, या वेळी जरा मोठ्यानं.

ही गाडी आधी इतवारीतल्या एका कापड व्यापाऱ्याची होती. माझे बाबा त्यांचे ड्रायव्हर. पंचवीस वर्षं त्यांनी ती चालवली. शेठना पितळ चकचकीत लागायचं, म्हणून बाबा महिन्या-दोन महिन्यांनी चार स्क्रू काढून पाटी घरी आणत आणि आई ती चिंच, राख नि विटकरीचा भुगा लावून घासायची. पाटीवर गाडीचा चेसिस नंबर कोरलेला होता. आईला इंग्रजी आकडे येत नव्हते. तिच्या लेखी ते पितळ होतं, आणि पितळ घासायचं असतं. भांडं घासताना कोणी नक्षीचा विचार करतं का?

शेठना मूलबाळ नव्हतं. धंतोलीच्या दवाखान्यात शेवटचं आजारपण चाललं होतं तेव्हा त्यांनी गाडी बाबांच्या नावे लिहून दिली. कागदावर चेसिस नंबर घातला, सही केली. त्यानंतर पंधरवड्यात ते गेले.

तेरवी होताच त्यांचा पुतण्या आमच्या वस्तीत आला. शेठकडे एकसारख्या दोन गाड्या होत्या, त्यातली एक मागेच भंगारात गेली होती. पुतण्या म्हणाला, "काकानं तुले भंगारातली गाडी देली. हा कागद तिचा हाय. ही आमची. चाव्या ठेव." या पोराला बाबांनी याच गाडीतून शाळेत सोडलं होतं. तो तेव्हाही बाबांना अरे-तुरेच करायचा. मागे उभे असलेले दोघे आपसात बोलले की यांच्या वस्तीत मोटार म्हणजे चोरीचीच असणार. मी ते ऐकलं. बाबांनीही ऐकलं. मी आजतागायत विसरले नाही, विसरणारही नाही.

बाबांनी चाव्या दिल्या नाहीत. गाडी नावावर करायला परिवहन कचेरीत गेले, तर पुतण्याची हरकत आधीच पोचलेली. साहेबांनी सरळ सांगितलं, "पाटी कोरी आहे, ती चालणार नाही. नंबरप्लेट तर कोणीही बदलतं. चेसिसच्या लोखंडावर नंबर ठोकलेला असतो. तो पेन्सिलीनं कागदावर उतरवून आणा. जुळला तर गाडी तुमची, नाही तर त्यांची. आठ दिवस देतो."

फाटकाबाहेर एक दलाल भेटला. "काहून डोकं खराब करून राहिले, बाबाजी? पंच मारून देतो ना. जो नंबर कागदावर, तोच लोखंडावर. कोण पाहून राहिलं?"

"मी पाहून राहिलो ना," बाबा म्हणाले आणि सायकलवर बसले.

पुढचे पाच दिवस बाबा गाडीखाली होते. तारेचा ब्रश, रॉकेल, चिंध्या. चेसिसची पट्टीन् पट्टी घासली. नंबर नाही. आई उंबऱ्यात बसून म्हणत होती, "मीच घासघासून मिटवलं जी. माह्याच हातानं गेली तुमची गाडी."

सहाव्या दिवशी मी खाली वाकून पाहिलं. सगळी चेसिस उघडी पडली होती, फक्त डाव्या पुढच्या टोकावर शेंदराचा भाकरीएवढा जाड थर तसाच होता. दर दसऱ्याला शेठ गाडीची पूजा करत. सगळे लोक बॉनेटवर हळदकुंकू वाहतात, यांचा हट्ट वेगळा. "पत्रा बदलते गा, हाड नाही बदलत," असं म्हणून ते तेलात कालवलेला शेंदूर चेसिसला लावायचे. आधी हे काम बाबाच करत. छप्पनच्या दसऱ्याला आमच्या घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि बाबांनी शेठना सांगितलं, आता माझा हात शेंदराला लागणार नाही. शेठनी वाद घातला नाही. त्यानंतर दरवर्षी स्वतः वाकून लावायचे.

"बाबा, इथं काहून नाही पाह्यलं?"

"ते शेठचं हाय. म्या शब्द देला होता, हात लावणार नाही."

माझं डोकं फिरलं. "शेंदूर लावणार नाही म्हटलं होतं न तुमी? काढणार नाही असं कुठं म्हटलं?"

बाबांनी ब्रश खाली ठेवला. मग म्हणाले, "तू काढ वं मग."

मी स्वयंपाकघरातलं उलथनं आणलं. शेंदराच्या खपल्या निघू लागल्या, वर्षावर वर्ष. बाबांनी खाली वर्तमानपत्र पसरलं आणि एकही तुकडा जमिनीवर पडू दिला नाही. तळाशी लोखंड निघालं, गंजाचा ठिपकाही नसलेलं. त्यावर पतंगाचा कागद धरून मी पेन्सिल घासली आणि एकेक आकडा वर आला. मी वाचत गेले, बाबा शेठच्या कागदावर बोट ठेवत गेले. शेवटच्या आकड्यावर त्यांनी बोट दोनदा ठोकलं. जुळला. आई रडली. मीही रडले, पण रागानं जास्त.

आठव्या दिवशी साहेबांनी खाली उतरून स्वतः नंबर तपासला आणि बाबांचं नाव चढवलं. पुतण्या धुसफुसला, "शेंदूर आमच्या घरचा, म्हणून तर नंबर वाचला."

बाबांनी पिशवीतून वर्तमानपत्राची पुडी काढून त्याच्या हातात ठेवली. "शेंदूर तुमचा. घेऊन जा. नंबर माझा." पंचवीस वर्षांत त्यांनी त्या घरच्या माणसाला दिलेलं हे पहिलं उलट उत्तर.

आता बाबा नाहीत, आईही नाही. दर दसऱ्याला आम्ही दीक्षाभूमीवरून आलो की मी त्या नंबरावर नवं ग्रीस लावते. शेजारीण विचारते, पूजा करता का? नाही, म्हणते मी, पुरावा जपते.

पितळी पाटीला मात्र मी हात लावू देत नाही. परवा आलेल्या गृहस्थांनी तर वहीच काढली, "ताई, नंबर सांगा, हुबेहूब कोरून आणतो. पाटी कोरी असली तर गाडीला ओळख राहत नाही."

मी बॉनेट खाली घेतलं. गाडीची ओळख खाली हाडावर आहे, ज्याला हवी त्यानं वाकून वाचावी. या पाटीवर पंचवीस वर्षं माझ्या आईचा हात फिरलाय. तिच्यावर दुसऱ्या कोणी काही कोरायचं नाही.