बाजेखालचा बुढा

आता हे सांगू का नोको, याच विचारात माहा चहा थंडा झाला. पण गावभर झालंच आहे, त तुम्हीही आयका. मी एका सशापुढं डोक्यावर पदर घेऊन दिवस काढले. हसू नोका, आधी पुरं आयका.

आमचे बुढे, माहे मालक, दिवाळीच्या आधी गेले. मांगं राह्यली त्याईची बाज. तिच्यावर दुसरं कोणी बसलेलं त्याईले खपेच नाही. लेकरू असो का पाव्हना, काठीनं पायाले टोचून उठवत. मीही संसारात कधी तिच्यावर टेकली नाही. ते गेल्यावर गादी गुंडाळून बाजेखाली सारली, बाज तशीच ठेवली. काहून ठेवली, ते मले पुसू नोका.

मंग नातीनं बोरी अरब गावच्या बाजारातून ससा आणला. पांढराफेक, गुबगुबीत. घरात सोडला त कोणाकडं न पाहता सरळ बाजेखाली गेला. जसं काही घर वळखीचं आहे.

एक दिवस दिवेलागणीले मनात आलं, आता कोण रागावते? आन मी बाजेवर टेकली. खालून आवाज आला. ठप. ठप. बुढे चहासाठी काठी आपटत, अगदी तसाच. मी पाय हालवला, त टाचेले असा चिमटा बसला का जीव कळवळला. वाकून पाह्यलं. अंधारात दोन लाल डोळे, माह्याकडंच लागलेले.

मी उठली, पदर डोक्यावर घेतला आन म्हटलं, "चुकलं."

"आई, कोणासंग बोलून राह्यल्या?" सून चुलीपासून ओरडली.

"कोणासंग नाही वं."

मंग काय सांगू. जो बाजेपाशी जाये, त्याले ससा चावे. नणदबाई आल्या, "माह्या दादाची बाज" म्हणून तिच्यावर बसून रडू लागल्या, त त्याईचा अंगठाच धरला. या भावाबहिणीचं जन्मभर पटलं नोहतं. आता सांगा, हे सशाले कोणं सांगतलं? मी हळूच म्हटलं, "बाई, तुमचे दादाच होय हे." त्या न जेवता घरी गेल्या.

रोज सांजेले बाजेखाली खरडल्याचा आवाज ये. झाडायले गेली का गादीतला कापूस बाहेर पडलेला, आन त्यात पांढरे केस. मऊ, बुढ्याच्या दाढीसारखे. हातात घेतले त अंगावर काटा आला. मी बशीत चहा ठेवू लागली. सकाळी बशी रिकामी राहे. (तो चहा शेजारची मांजर पिऊन जाये, हे मले लय उशिरा समजलं.)

एक दिवस माहा लेक गजू म्हणे, "आई, बाज देऊन टाकतो. अडचण होते. ससाही देतो, सगळ्याईले चावून राह्यला."

एकदा त तो माणूस या घरातून गेला. आता आम्हीच त्याले दुसऱ्यांदा बाहेर काढायचं?

"नोको देऊ, गजू. तुहा बाप आहे खाली."

"कुठी?"

"बाजेखाली. तू बस वर, पाय सोडून. बापानं तुले काही केलं नाही, त खुशाल ने."

गजू हसत हसत बसला. ठप. ठप. गजूचं हसू थांबलं. लगेच तो असा उडाला, का टोपी एकीकडं आन गजू एकीकडं.

"बाबा?" तो हळूच म्हणे.

ससा बाजेखालून बाहेर आला, आमच्या पुढं उभा राह्यला. पण खाली गुंडाळलेली गादी हालून राह्यली होती. वर-खाली, वर-खाली. श्वास घेतल्यावानी. ससा इकडं, त तिकडं श्वास कोण घेते? गजूले दोन लेकरं आहेत, पण त्यानं माहा हात गच्च धरला. मी रामराम म्हणू लागली.

तेवढ्यात सून आली, हाताले पीठ लागलेलं. "काय झालं?" म्हणे. आम्ही दोघं नुसते बोट दाखवून राह्यलो. तिनं सशाले उचलून नातीजवळ देलं, वाकली, झाडूच्या दांड्यानं कापूस बाजूले केला आन बसूनच गेली.

आत पिल्लं. उंदरावानी उघडी, डोळे मिटलेले, एकमेकाईवर चढून राह्यलेली. ससा नोहता तो, सशीण होती. बाजारातूनच पोटुशी आलेली. गादीतला कापूस काढून, सोताच्या छातीचे केस उपटून तिनं घरटं केलं होतं, आन त्याच्याजवळ ज्याचा पाय ये त्याले चावे. आधी ठपठप करून सांगे, मंग चावे.

सुनेनं पदरानं तोंड झाकलं आन म्हणे, "आई, मामाजी बाळंत झाले."

संध्याकाळलोक ते गावात पसरलं. नणदबाईचा फोन आला, "वयनी, दादाची तब्येत कशी आहे? मुलगा का मुलगी?"

बाज मात्र राह्यली. पिल्लं खाली असताना तिले कोण हालवते? गजू आता दुरूनच पाहते.

मी काय सांगू तुम्हाले, माही चार बाळंतपणं झाली, बुढ्यानं एकदाही दारातून डोकावून पाह्यलं नाही. आन त्याईचं एक झालं, त मी रोज बाजेपाशी बसून बाळंतिणीसाठी कोथिंबीर निसून राह्यली. त्यातही पदर डोक्यावरून खाली येत नाही.