लेक माहेरी आल्यावरच

आमच्या सासूबाई, गोदाबाई, हट्टी आहेत असं मी म्हटलं तर सून म्हणून मीच बदनाम होईन. पण पार मोर्शीपर्यंत कुणालाही विचारा! भुलाबाईची गाणी मात्र त्यांच्याइतकी पाठ कुणालाच नाहीत. पूर्वी आमच्या गावात अंगणाअंगणात भुलाबाई, म्हणजे माहेरी आलेली पार्वती, बसायची; आता उरली होती ती आमच्याच घरी. म्हणून मी आणि मंडळाचे अध्यक्ष भगवंतराव यांनी भुलाबाई महोत्सवाच्या अनुदानासाठी अर्ज केला. अनुदान मिळालं तर आसपासच्या गावांतल्या पोरीही गाणी शिकणार होत्या. नाही मिळालं तर सासूबाईंबरोबर गाणीही जाणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

पाहणीला अकोल्याच्या सरकारी कार्यालयातल्या एक मॅडम आल्या, त्या ऐन मे महिन्यात. आम्ही मांडव घातला, पोरींना नऊवारी नेसवल्या, माईक लावला. अन् सासूबाई म्हणाल्या, "मी नाई म्हनत."

"दोनच गाने म्हना ना काकू," भगवंतराव रडकुंडीला आले.

"भुलाबाई भादव्याच्या पुनवेले माहेरी येते. लेक घरात नाई, अन् गानं कोनापुढं म्हनू? तुमची लेक आचल सासरी पुन्याले हाय. आज तिची ओटी भरून दाखवा बरं!"

भगवंतरावांनी माईक काढून ठेवला. सासूबाईंनी मॅडमना आग्रह करकरून आमरस वाढला. "कोजागिरीले या बाई. तवा आयका."

"येते," मॅडम म्हणाल्या. येते म्हणणारे साहेब आम्ही पुष्कळ पाहिले होते. मी इतकी चिडले की त्यानंतर बरेच दिवस सासूबाईंशी चहापुरतंच बोलले.

भादव्यात त्यांनी मातीची भुलाबाई बसवली आणि घरोघर फिरून पोरी गोळा केल्या. रोज संध्याकाळी टिपऱ्या वाजू लागल्या. कोजागिरीला अंगण भरलेलं असताना फाटकाशी जीप थांबली. मॅडम खरंच आल्या होत्या! मी खुर्ची आणायला धावले, तर सासूबाईंनी मलाच अडवलं.

"भुलाबाईपुढं खुर्ची कायले? बसा बाई पोरीईत. ह्या घ्या टिपऱ्या."

मॅडम बसल्या, चुकतमाकत गायल्या. शेवटी खाऊचा झाकलेला डबा आला. आत काय आहे ते ओळखल्याशिवाय खाऊ कुणालाच मिळत नाही, ही आमची रीत. पोरींनी हरतऱ्हेची नावं घेतली आणि हरल्या. मॅडमनी डबा कानाशी नेऊन हलवला. खुळखुळ नाही, नुसतं धप् धप्. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"गुलगुले! भुलाबाईला माझी आजी हेच करायची."

पोरींनी अंगण डोक्यावर घेतलं.

दिवाळीनंतर अनुदान मंजूर झालं. आदेशात लिहिलं होतं: महोत्सवाचा काळ भाद्रपद पौर्णिमा ते कोजागिरी, ठिकाण गावोगावची अंगणं. सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांना मी तो अभिमानानं मोठ्यानं वाचून दाखवला. मे महिन्यातला राग कुठे गेला, कळलंही नाही.

सासूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"म्हंजे सरकारलेई समजलं," त्या म्हणाल्या, "लेक माहेरी कवा येते ते."