संत्याला न सांगितलेला निकाल

माझ्या भावाने शेवटचं एकच काहीतरी मागितलं, आणि मी नाही म्हणाले.

पाणी नव्हतं मागितलं. रेसचा निकाल मागितला होता.

तिथीने वर्षश्राद्ध मागच्या आठवड्यात झालं. माझ्यासाठी वर्ष आज झालं, कारण आज नव्या सीझनची पहिली रेस होती.

जे त्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. संतोष, माझा धाकटा भाऊ. घाटकोपरला राहायचा, मरोळच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर होता. फॉर्म्युला वनचं भयंकर वेड, आणि स्वतःची स्कूटर तीसच्या वर कधी नेली नाही.

पाच वर्षं डायलिसिसवर होता. रविवारची शिफ्ट सकाळी आठ ते बारा. सेंटर तळघरात, नेटवर्क शून्य.

बऱ्याचशा रेस आपल्याकडे संध्याकाळी असतात, त्या तो घरी आरामात बघायचा. पण सीझनची पहिली रेस सकाळी. तिकडे गाड्या सुटायच्या आणि इकडे हा हाताला सुया टोचलेल्या, चार तास खुर्चीला जखडलेला.

म्हणून त्याने नियम केला.

मी आणि त्याचे दोन मित्र, मरोळचा फ्रान्सिस आणि कांजूरचा किरण, आम्ही तिघांनी लाइव्ह बघायची. तो घरी येईपर्यंत ग्रुपवर चकार शब्द काढायचा नाही. मग एक वाजता त्याच्याकडे जमायचं आणि तीच रेस पहिल्यापासून बघायची, काहीच माहीत नसल्यासारखी.

एकदा किरण ओव्हरटेकच्या आधीच हसला. संत्याने त्याला उरलेली रेस किचनमध्ये बसवलं.

"तिथून ऐक. तुझं थोबाड बातमी फोडतं."

माझा चेहरा मात्र पक्का. "ताई म्हणजे भिंत आहे," असं तो सगळ्यांना सांगायचा. मला त्याचा केवढा माज होता.

मागच्या वर्षी पहिल्या रेसच्या आदल्या दिवशी त्याला दम लागला. फुप्फुसात पाणी. आयसीयू.

रविवारी सकाळी मी आणि फ्रान्सिस हॉस्पिटलच्या खाली बाकड्यावर. एक मोबाइल, एक इयरफोन त्याच्या कानात, एक माझ्या.

आणि काय रेस होती ती!

सुरुवातीलाच पाऊस. पहिल्याच वळणावर चार गाड्या एकमेकींत घुसल्या. रेस थांबवली, परत सुरू केली, परत एक जण भिंतीवर. फ्रान्सिस ओरडला, "वाट लागली यार सगळ्यांची!" वॉचमनने दोनदा दटावलं.

मी हसत होते. वर माझा भाऊ मास्क लावून पडलेला आणि मी खाली हसत होते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

संत्याचा जीव एका ड्रायव्हरमध्ये. वयाने सगळ्यात मोठा, म्हणून आम्ही त्याला म्हाताराच म्हणायचो. आदल्या सीझनमध्ये निम्म्या वेळा त्याची गाडी मधेच बंद पडली होती. याने आता घरी बसावं, असं सगळे म्हणायचे. संत्या चिडायचा. "त्याला अजून चालवायचंय ना? मग तुमच्या पोटात का दुखतं?"

त्या दिवशी म्हातारा सगळ्यात शेवटून, विसावा सुटणार होता. एवढं संत्याला माहीत होतं.

एक वाजता आत सोडलं. एकालाच, दहा मिनिटं, मोबाइल बाहेर ठेवून.

त्याने मास्क बाजूला केला.

"ताई, कोण जिंकलं?"

"मास्क लाव आधी."

"सांग ना यार. इथे अडकलोय गं मी."

"नियम कुणी केला? घरी ये, मग बघू."

"बरं, जिंकलं कोण ते नको. म्हातारा शेवटपर्यंत गेला ना? एवढंच सांग."

मी भिंत.

उरलेला वेळ तो नुसता माझ्या तोंडाकडे बघत राहिला. काही कळतंय का ते शोधत. मी काही कळू दिलं नाही. शेवटी म्हणाला, "पक्की आहेस तू," आणि डोळे मिटले.

मला वाटलं होतं, त्याचं काहीतरी बघायचं बाकी ठेवलं तर तो त्यासाठी घरी येईल. डॉक्टरांपेक्षा माझा त्या निकालावर जास्त विश्वास होता.

बाहेर आईने लेकाबद्दल विचारलं, काय म्हणालो झील? मी सांगितलं. ती म्हणाली,

"मगे सांगूक काय झाला तुका?"

सहाच्या भेटीत सांगते म्हटलं.

साडेपाचला आतून बोलावणं आलं.

त्यानंतर वर्षभर आमचा ग्रुप गप्प आहे. आम्हा तिघांना निकाल माहीत आहे, पण एकमेकांशीही त्यावर बोललो नाही. नियम मोडायचा कसा? ज्याने केला तो घरी आलाच नाही. मी एकही रेस पाहिली नाही. कुणी विषय काढला की माझा चेहरा आपोआप भिंत होतो.

आज सकाळी संत्याच्या बायकोचा, वैशालीचा फोन आला.

"ताई, त्यांनी मागच्या वर्षीची ती रेस रेकॉर्डला लावायला सांगितली होती. अजून सेट-टॉप बॉक्समध्ये आहे. डिलीट करायला हात धजत नाही. तुम्ही या ना तिघं."

एक वाजता गेलो. आजची नाही, तीच रेस लावली. संत्याच्या जागेवर कुणी बसलं नाही. किरण न सांगता किचनमध्ये जाऊन बसला, तेव्हा वैशाली पहिल्यांदा रडली.

आईला त्यातलं काही कळत नाही. तिने दर पाच मिनिटांनी फक्त एवढंच विचारलं, "म्हातारो खंय आसा?"

मी बोट दाखवत गेले. शेवटच्या लॅपला माझी भिंत पडली. सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडले.

आता सांगते रे. उशीर झाला, पण ऐक.

गेला. म्हातारा शेवटपर्यंत गेला.

विसावा सुटला होता, तिसरा आला. गाडीतून उतरून तिच्या नाकावर हात फिरवला, तू स्कूटरवर फिरवायचास तसा.

एवढंच तर होतं. एवढंच सांगायचं होतं मला.

नीट जा, संत्या.

— ताई