मागच्या सीटवरून

दुपारचे डबे खाऊन झाले होते. लॅबमधल्या आम्ही बायका नळावर डबे विसळत होतो, तेवढ्यात पद्मम्मांचा फोन आला. हैदराबादेत, बरकतपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावर त्या राहतात. एरवी फोन केला की आधी माझी, मग माझ्या मुलीची, मग भाजीच्या भावाची चौकशी करतात. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "सुनंदाम्मा, सार पडिपोयारु... जिन्यात पडलेत, उठत नाहीत. अँब्युलन्स बोलावलीय, तू सीधा दवाखान्यात ये." हिमायतनगरच्या लॅबमधून मी मोटारसायकलवर निघाले. कुठून वळले, कोणते सिग्नल लागले, काही म्हणता काही आठवत नाही. हात क्लच दाबत होते, पाय गिअर टाकत होते, सगळं आपोआप. हातापायांना हे काम ज्यांनी शिकवलं ते मिलिंद, माझे यजमान, मी पोचायच्या आधीच गेले होते. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. स्ट्रेचरवर त्यांचा काळा चष्मा छातीवर ठेवलेला होता. मी तो उचलला आणि पुसून पर्समध्ये ठेवला. तेव्हा दुसरं काय करायचं ते सुचलं नाही...

आता काही आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नांदेडची माणसं परत गेली, मुलगी पल्लवी सुट्टी संपवून बंगळूरला गेली. जाताना म्हणाली, "मम्मी, पप्पांबद्दल काहीतरी लिही ना. मराठी मला नीट वाचता नाही येत, पण तू मला फोनवर वाचून दाखव." म्हणून लिहायला बसले आहे. घरात मी त्यांना 'अहो'च म्हणायची. इथं नावानं लिहिते.

मिलिंद विजेच्या खात्यात होते. लग्न होऊन मी नांदेडहून आले तेव्हा हैदराबादची पहिली ओळख मला त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवरून झाली. काळी मोटारसायकल, तिला ते 'बंडी' म्हणायचे. कुठल्या गल्लीत कोणता ट्रान्सफॉर्मर कुरकुरतो, कुठं इराणी चहा चांगला मिळतो, दिलसुखनगरच्या गर्दीतून कोणत्या आडवाटेनं सुटका होते, हे सगळं ते मान अर्धवट मागं वळवून सांगायचे आणि मी ओरडायची, "अहो, पुढं बघा पुढं!" पन्नाशीच्या आसपास त्यांना कडेचं दिसेनासं झालं. आधी दाराच्या चौकटीला खांदा लागायचा, मग ताटातली वाटी सांडायची. एकदा रस्त्यात डाव्या बाजूनं आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही. थोडक्यात वाचले. काचबिंदू निघाला. डॉक्टरांनी सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली जपू. ती उरलेलीही हळूहळू जातच राहिली. खात्यानं टेबलाचं काम दिलं, पुढं तेही जमेना, त्यांनी नोकरी सोडली.

नजर जाण्यापेक्षा मला त्यांचं घरात बसणं भ्यायला लावायचं. बडबडा माणूस, गल्लीत कुणाची लाइट गेली तरी पहिली हाक ज्याला पडायची तो माणूस, दिवसभर खुर्चीत बसून राहायचा. विहारात येईनात. मी हात धरून नेते म्हटलं तर म्हणायचे, "लोक रस्ता सोडून बाजूला होतात गं. ते मला कळतं." पांढरी काठी आणून दिली, ती दारामागं तशीच पडून राहिली. फक्त सकाळी खाली जाऊन गाडीवरचं फडकं काढायचे, किक मारायचे आणि हँडलवर हात ठेवून इंजिन ऐकत उभे राहायचे. बॅटरी उतरू नये म्हणून, असं म्हणायचे.

एक दिवस गिऱ्हाईक आलं गाडी बघायला. माझ्या धाकट्या दिरांनीच पाठवलेलं. त्या माणसानं टायर दाबून बघितले, टाकीवर टिचकी मारली. मिलिंद बाजूला भिंतीला टेकून उभे होते. टिचकी वाजली तेव्हा त्यांचा चेहरा असा काही झाला की मी वरून जिन्यातूनच म्हणाले, "भय्या, नहीं बेचते." तो माणूस गेल्यावर मिलिंद म्हणाले, "ठेवून काय करणार? लोणचं घालणार?"

"मी शिकते."

ते हसले नाहीत. मी पंचेचाळिशी ओलांडलेली, सायकलसुद्धा शाळेत असताना चालवलेली. दीर फोनवर म्हणाले, "वहिनी, शिकायचंच तर स्कूटी घ्या. ही गाडी बाईमाणसाची नाही." मिलिंदनी माझ्या हातातून फोन घेतला. "स्कूटीत ऐकण्यासारखं काय असतं रे?" एवढंच बोलले आणि फोन परत दिला. तेव्हा मला कळलं, हे शिकवणार आहेत.

रविवारी पहाटे आम्ही गाडी ढकलत घरामागच्या मैदानावर न्यायचो. मी पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला घट्ट बांधून. ते मागं बसायचे, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांवर. मला धरायचे नाहीत. "क्लच सोड. हळू... दुधाच्या पातेल्यावरून साय काढतेस तशी." गाडी गचका देऊन बंद पडायची. पुन्हा किक. माझ्या किकेनं आधी गाडी सुरूच व्हायची नाही. मग ते म्हणायचे, "पायानं नको मारू. अंगानं मार." पुढं जरा जमायला लागलं तसे ते इंजिन ऐकून सांगू लागले. "रडतीय बघ ती, गिअर टाक. आता घुसमटलीय, खाली घे." मला रस्ता दिसायचा, त्यांना गाडी कळायची. दोघांचं मिळून एक चालवणं व्हायचं. मैदानात फिरायला येणारे एक वयस्कर मियाँसाहेब दर वेळी थांबून बघायचे. एकदा न राहवून म्हणाले, "अजी साब, आपको तो दिखता नई बोलते, फिर पीछे बैठके क्या देख रै?"

"देख नई रा चाचा," मिलिंद म्हणाले, "सुन रा हूँ."

नोकरी सोडल्यापासून ते पहिल्यांदा मोठ्यानं हसलेले मी ऐकलं.

आम्ही पडलो एकदा. वळणावर बारीक खडी होती, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि गाडी आम्हाला घेऊन आडवी झाली. माझं ढोपर सोललं. ते थोडे लांब फेकले गेले, आणि कुठल्या दिशेला उठायचं ते कळेना म्हणून हातांनी जमीन चाचपत होते. ते बघून मला रडू फुटलं. "नक्को मला ही गाडी! तुम्हाला काही झालं असतं तर?" मियाँसाहेबांनी गाडी उभी करून दिली. मिलिंदनी माती झटकली, माझ्या आवाजाच्या अंदाजानं जवळ आले, टाकीवरून, हँडलवरून, आरशावरून हात फिरवला. मग मागच्या सीटवर चढून बसले आणि वाट बघत राहिले. त्यांच्या कोपरातून रक्त येत होतं. मी डोळे पुसले आणि पुढं बसले. करणार काय?

परीक्षेचं मात्र वेगळंच झालं. शिकाऊ लायसन्ससाठी कॉम्प्युटरवर रस्त्यावरच्या चिन्हांचे प्रश्न होते. त्या चिन्हांची उजळणी मिलिंदनी माझ्याकडून भाकरी थापताना करून घेतली होती, त्यामुळे प्रश्न सहज सुटले. पण पक्क्या लायसन्सला ट्रॅकवर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फेरी मारायची, पाय न टेकता, आणि एकटीनं. मी आजवर एकटी गाडीवर बसलेच नव्हते! मागचं ओझं गेलं आणि गाडी माझ्या हातात अनोळखी जनावरासारखी वळवळायला लागली. मागून आवाज नाही. पहिल्याच वळणाला पाय टेकला. इन्स्पेक्टरनी मान हलवली, "पुन्हा या अम्मा." झाडाखालच्या बाकावर मिलिंद बसले होते. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "टेकलास ना पाय? चूक माझी आहे. मी उतरायला पाहिजे होतं."

पुढच्या रविवारपासून ते उतरले. चुन्याच्या फक्कीनं मी मैदानावर मोठा आठ काढला. एका गोलात त्यांनी हेल्मेट ठेवलं, दुसऱ्या गोलात मधोमध ते स्वतः उभे राहिले. "माझ्याभोवती फिर," म्हणाले. मी फिरायला लागले. गाडी जिकडं जाईल तिकडं त्यांचा चेहरा वळायचा, सूर्यफुलासारखा. पण दर वेळी त्यांच्या गोलात गेले की माझी गाडी रेघ सोडून आत, त्यांच्या अंगावर सरकायची. एकदा तर हँडल त्यांच्या शर्टाला घासून गेलं. ते जागचे हलले नाहीत.

"हेल्मेटच्या गोलात बरोबर फिरतेस. माझ्याच गोलात का येतेस आत?"

"काय माहीत."

"मला माहीत आहे. तू माझ्याकडं बघतेस. सुनंदा, जिथं बघशील तिथं गाडी जाते. मला काही होत नाही. माझ्याकडं बघू नको, पुढच्या रेघेकडं बघ."

ते सोपं नव्हतं. आंधळा माणूस चालत्या गाडीपासून हातभर अंतरावर उभा, आणि त्याच्याकडं बघायचं नाही! पण किती सकाळी गेल्या त्यात, शेवटी जमलं. दुसऱ्या खेपेला ट्रॅकवर मी आठ पुरा केला. इन्स्पेक्टर म्हणाले, "पास. कुणी शिकवलं अम्मा?" मी बाकाकडं बोट केलं. काळा चष्मा लावून, इस्त्रीचा शर्ट घालून मिलिंद बसले होते, मान जरा तिरकी करून. इन्स्पेक्टरनी त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि पुढच्या माणसाला हाक मारली. मी जवळ गेले तेव्हा मिलिंदनी हात पुढं केला, नवीन ओळख झाल्यावर करतात तसा. मी तो हातात घेतला. तळवा घामानं ओला होता.

त्यानंतरची वर्षं आमची चांगली गेली, हे मला लिहिलंच पाहिजे. विहारात जाणं पुन्हा सुरू झालं. जयंतीला मिरवणुकीच्या गर्दीत आम्ही गाडीवरून जायचो, ओळखीचे लोक 'जय भीम' करायचे, हे आवाजावरून नाव घेऊन उत्तर द्यायचे. एकदा नागार्जुनसागरला गेलो, सकाळी निघून, रस्त्यात थांबत थांबत. धरणाच्या कठड्याशी ते कितीतरी वेळ वाऱ्याकडं तोंड करून उभे राहिले. परत येताना म्हणाले, "एक गोष्ट सांगू? गाडीवर मागं बसलेला माणूस डोळस आहे की आंधळा, बघणाऱ्याला काही कळत नाही." वारा होता, म्हणून मी काही ऐकलं नाही असं दाखवलं.

आता दीर म्हणतात, वहिनी, गाडी काढून टाका, जुनी झाली. पल्लवी म्हणते, बंगळूरला ये. बघू. सध्या मी रोज लॅबला जाते आणि येते. पण संध्याकाळी परत येण्याचं एक नवीन दुखणं झालं आहे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. तिथं मी वळले की शंभर गाड्यांतून आमच्या गाडीचा आवाज मिलिंद वरच्या खिडकीत ओळखायचे. भिंतीला हात लावत जिना उतरायचे आणि मी पोचेपर्यंत गेटची दोन्ही दारं उघडून बाजूला उभे असायचे. मी गाडी न थांबवता सरळ आत घ्यायची. इतक्या वर्षांत त्या गेटची कडी माझ्या हाताला कधी लागलीच नव्हती. ती गार असते, वर ओढून मग डावीकडं सरकवावी लागते, हे मला आत्ता कळलं.

कार्यक्रमानंतर पहिल्यांदा कामावर जाऊन आले त्या संध्याकाळी बंद गेटसमोर गाडी थांबली आणि मी तशीच बसून राहिले, इंजिन चालू ठेवून. पद्मम्मा धावत बाहेर आल्या, गेट उघडलं. म्हणाल्या, "हॉर्न मार ना अम्मा. मी येत जाईन." मी हो म्हटलं.

पण हॉर्नवर बोट जात नाही. मी गेटसमोर थांबते. वर खिडकीकडं बघत नाही. इंजिन लगेच बंद करत नाही, थोडा वेळ चालू देते... त्यांना ऐकू जाईल इतका वेळ. मग स्टँड लावते, उतरते आणि कडी वर ओढते.